दत्ता वायरमनची मुलगी आणि तयार निबंध

माझे धंदे दोन. सकाळी नदीकाठी माईक हातात धरून गेलेल्या माणसाला निरोप द्यायचा, आणि अकराच्या तासाला कॉलेजात जाऊन पोरांना सांगायचं, की सकाळी मी जे बोललो तसलं काही लिहू नका. पगार फक्त दुसऱ्या कामाचा मिळतो. नाव मात्र पहिल्यानं झालं. भोर-वेल्ह्यात कुठंही गेलो तरी मला मराठीचा प्राध्यापक म्हणून कोणी ओळखत नाही. "दहाव्याला बोलत्यात ते सर," असं म्हणतात, आणि घरात कोणी आजारी असेल तर माझ्याकडं जरा बिचकूनच बघतात.

बाहेरच्या वाचकांना हा दहाव्याचा प्रकार सांगायला हवा. आमच्याकडं माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी नदीवर विधी असतो. पिंड ठेवायचे आणि कावळा शिवायची वाट बघायची. कावळा आपल्या सवडीनं येतो. तोवर जमलेल्या पंचक्रोशीला नुसतं बसवून ठेवता येत नाही, म्हणून आधी प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेला सरपंच, सोसायटीचे चेअरमन, दूध डेअरीचे चेअरमन. यातल्या एकाला जरी बोलायला दिलं नाही तरी तो पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतो. ही नावं मान राखून क्रमानं पुकारायची आणि मधल्या जागा भरायच्या, हे माझं काम. मयताच्या घरून मी तीनच गोष्टी विचारून घेतो: नाव, गाव आणि मुलं काय करतात. बाकीचं माझ्याकडं तयार असतं. गेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ, कष्टाळू आणि धार्मिक. प्रत्येकाच्या जाण्यानं पोकळी. आणि प्रत्येकाच्या बाबतीत नियतीच्या मनात काही वेगळंच. एकदा एका भांडखोर गृहस्थांना मी मनमिळाऊ म्हणालो तेव्हा बायकांच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं. मी आवाज असा काही खाली नेला, की हसणारीलाच हुंदका फुटला. एवढी कला अंगात आहे, हे नम्रपणे नोंदवून ठेवतो.

वर्गातला माल याहून वेगळा नसतो. बारावी होऊन पहिल्या वर्षाला आलेली मुलं माझ्यापुढं निबंधाचा साचा घेऊनच बसतात. वर कवितेच्या दोन ओळी, मध्ये तीन परिच्छेद, खाली पुन्हा दोन ओळी. फाटकं पुस्तक बोलतं, वठलेलं झाड बोलतं, पडका पूल बोलतो, आणि सगळे शेवटी हुंदका देऊन गप्प होतात आणि लिहिणारा भानावर येतो. मी पोरांना दोष देत नाही. शाळेत गठ्ठेच्या गठ्ठे तपासणाऱ्या माणसाला जे चटकन दिसावं लागतं, ते त्यात चटकन दिसतं. आणि त्यात चुकायची भीती नसते, कारण त्यात लिहिणाऱ्याचं काहीच नसतं.

उत्रोलीचा एक मुलगा होता. 'माझे गाव' या विषयावर त्यानं वाऱ्यावर डोलणारी गव्हाची सोनेरी शेतं लिहिली होती. उत्रोलीत पावसाळ्यात जिकडं पाहाल तिकडं भात.

"गव्हाची शेतं कुठं पाहिलीस रे उत्रोलीत?"

"न्हाई सर. आमच्यात भातच असतो."

"मग भात का नाही लिहिला?"

"गाईडात गहू हाय."

एवढ्या शांतपणे त्यानं हे सांगितलं, की क्षणभर मलाच उत्रोलीचा संशय आला.

शिवऱ्याच्या एका पोराचं वेगळंच झालं. त्याच्या वडिलांची हायवेला चहाची टपरी. 'मी चहाचा कप बोलतोय' असा त्याचा निबंध. मी म्हटलं, कप राहू दे, तू बोल. त्यानं लिहिलं, आणि झकास लिहिलं. गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर नवी पावडर, पुण्याच्या गाडीतलं असेल तर सकाळचीच पुन्हा उकळायची, हेही लिहिलं. मी हौसेनं ते नोटीस बोर्डावर लावलं. आठवड्याच्या आत त्याचे वडील कॉलेजात.

"सर, तुमी पोराला कॉलेजात शिकवताय का आमच्या धंद्याच्या मुळावर उठवताय?"

मी त्यांना चहा पाजला. त्यांनी तो वास घेऊन मगच प्यायला.

असे किस्से मी तासभर सांगू शकतो आणि लग्नाच्या पंगतीत सांगतोही. पण गेल्या काही वर्षांतलं एक प्रकरण मी पंगतीत सांगत नाही.

काजल विंझरच्या पुढच्या एका वाडीवरून यायची. पहिल्या एसटीनं निघायचं, नसरापूरला गाडी बदलायची, भोरला उतरून धावत वर्गात. पहिल्या बाकावर बसायची आणि गाईडसारखीच बोलायची. 'माझे वडील' हा तिचा पहिला निबंध. वडील चंदनासारखे झिजत होते, नारळासारखे वरून कठीण होते आणि वटवृक्षासारखी सावली देत होते. मी विचारलं, "वडील काय करतात?"

"वायरमन हायत."

"चंदन झिजतं म्हणतेस. त्यांचं नेमकं काय झिजलंय?"

वर्ग हसला. ती हसली नाही. तिनं खरंच विचार केला.

"डाव्या पायाचा अंगठा, सर. खांबाला धरून धरून."

"हेच लिही."

"असलं चालतं निबंधात?"

"चालतं."

"मार्क जात न्हाईत?"

"गेले तर माझ्याकडून घे."

पुढच्या आठवड्यात तिनं दोन पानं आणून दिली. तिच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही. वरच्या टेकाडावर करवंदीच्या जाळीपाशी उभं राहिलं तरच फोन लागतो. खांब खाली शेतात. म्हणून आण्णा, म्हणजे तिचे वडील, दुरुस्तीला निघाले की हिला टेकाडावर पाठवत. ही सबस्टेशनला फोन लावून लाईन बंद करायला सांगे. तिकडून बंद केल्याचं सांगितलं की खाली ओरडे, मग आण्णा वर चढत. काम झालं की पुन्हा तिचाच फोन. 'आमच्या वाडीची लाईट मी घालवते आणि आण्णा आणतात, त्यामुळे शिव्या मला पडतात आणि चहा त्यांना मिळतो,' असं एक वाक्य होतं. मी ते स्टाफरूममध्ये साभिनय वाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसले.

त्या पानांत काय लिहिलं होतं, ते आम्हाला तेव्हा वाचता आलं नाही. काजलच्या वडिलांना, दत्ताला, सगळी वाडी वायरमन म्हणायची. कागदावर तो एका ठेकेदाराचा मदतनीस होता. नियम असा, की चढणाऱ्याबरोबर खाली दुसरा माणूस असावा, लाईन बंद-चालू करायचा निरोप लेखी असावा, आणि काम चालू असताना तारा साखळीनं जमिनीला जोडून ठेवाव्यात, म्हणजे चुकून वीज आली तरी ती जमिनीत जाईल. दत्ताकडं दुसऱ्या माणसाच्या जागी मुलगी होती, लेखी निरोपाच्या जागी मोबाईल होता, आणि साखळीच्या जागी काही नव्हतं. आम्ही मात्र शिव्या आणि चहावर हसत होतो.

लावण्या चालू असताना दत्ता गेला. खांबावर, विजेच्या धक्क्यानं. मला आधी मोबाईलवर त्याचा फोटो आला, भोवती फुलांची चौकट, खाली शोकाकुल म्हणून बरीच नावं. नंतर त्याच्या भावाचा फोन. काजल त्यांना तात्या म्हणते.

"सर, दहाव्याला तुमीच पायजे. आनि काजल दोन शबूद बोलंल. कालेजात हाय ती. तिला भाषान जरा बसवून द्या."

मी दुपारी वाडीवर गेलो. ओसरीवर तात्या होते, भिंतीशी काजल. तिची आई दाराच्या आत, पदर पुढं ओढून. तात्यांनी आधी मला बाजूला घेतलं.

"शेठ येनारैत दहाव्याला." शेठ म्हणजे ठेकेदार. "वयनीला हापिसात झाडलोटीला घेतो म्हनलंत. पोरीचं कालेज त्याच्यावरच चालंल. तवा सर, भाषान असं बसवा की कुनाला लागाया नगो. दत्ता काय आता माघारी येत न्हाई."

त्यांचं काही चुकत नव्हतं. घरात दोन बाया उरल्या होत्या आणि त्यांना खायला लागणार होतं. तात्या बैलांना पाणी दाखवायला गेले आणि काजलनं मला कागद दिला. वर दोन ओळी कविता. मग कर्तव्यदक्ष, प्रेमळ, मायेचा सागर. आणि 'पण नियतीच्या मनात काही वेगळेच होते.' मी कागद खाली ठेवला आणि वर्गातल्या सवयीनं विचारून बसलो,

"त्या दिवशी झालं काय?"

तिनं जमिनीकडं बघत सांगितलं. आवाज वर्गात उत्तर देतात तसा.

"फांदी पडलीवती तारंवर. मी टेकाडावर गेले, फोन लावला. ते म्हनले, बंद केली. मी वरडून सांगितलं. आण्णा चढले. मग म्हनले, पक्कड खाली पडली, दोरीला बांधून दे. मी खाली आले, पक्कड बांधून दिली. तेवड्यात सबस्टेशनवाल्यांनी फोन केला आसंल, झालं का इचारायला. खाली रेंज कुठं हाय. दुसऱ्या गावांतनं त्यांना फोन येत हुते, लाईट सोडा, लाईट सोडा. त्यांना वाटलं आमचं काम उरकलं, आमी घरी गेलो. त्यांनी सोडली."

मी खाली ठेवलेला कागद उचलला.

"दोरी मी तवाच सोडलीवती हातातनं," ती म्हणाली. "लाईट यायच्या जरा आधी."

"हे कोणाला सांगितलंस?"

"कुनी इचारलंच न्हाई. सगळे आल्यावर म्हनत्यात, नियती."

ते वाक्य या खोऱ्यात घरोघरी कोणी पोचवलं, हे मला चांगलं माहीत होतं.

"हे बोलू का सर?"

मी म्हटलं, "तात्या काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"वर्गात फार तर मार्क जातात, काजल. इथं आईचं काम जाईल."

तिनं मान हलवली. तेवढ्यात दाराच्या आतून आई बोलली. इतका वेळ ती आहे हेही मी विसरलो होतो.

"सर, हिच्या फुडं घास ठिवला तर तसाच ऱ्हातो. रातभर बसून असती. डोळं उघडं ठिऊन. झाडलोटीचं काय, मी लावनीला जाईन, बेननीला जाईन. हिच्या पोटातलं भाईर पडू द्या. न्हाईतर ही बी जायाची."

मी कागदाची घडी घालून खिशात टाकली. लिहून काहीच दिलं नाही. निघताना तात्यांनी विचारलं, "बसलं का?" मी म्हटलं, "बसलं."

दहाव्याला नदी तुडुंब होती. काठावर ताडपत्री बांधलेली, तिच्यात पाणी साचून मध्येच एखाद्या पाहुण्याच्या डोक्यावर ओतत होतं. कावळा त्या दिवशी पहिल्याच भाषणात येऊन शिवून गेला. तरी भाषणं थांबली नाहीत. ती त्याच्यासाठी नसतातच. शेठ पांढऱ्या कपड्यांत पहिल्या ओळीत बसले होते. एकेक जण येत होता, दत्ताला कर्तव्याच्या वेदीवर चढवत होता आणि उतरत होता. प्रत्येकाच्या तोंडी नियती. मी मधल्या जागा भरत होतो, पण त्या दिवशी माझाच आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता.

भाषणांचा क्रम माझ्या हातात असतो. रिवाजाप्रमाणं घरचं माणूस सगळ्यांत शेवटी बोलतं, आभार मानतं. मी काजलला शेठच्या आधी पुकारलं. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ताडपत्रीकडं पाहिलं.

ती माईकपाशी आली. माईक तिच्या उंचीला जास्त होता, तो मी खाली केला.

"आण्णा खांबावर हुते. मी सबस्टेशनला फोन केलावता, त्यांनी लाईन बंद केलीवती. मग मी पक्कड द्यायला खाली आले. खाली रेंज न्हाई. त्यांचा फोन मला लागला न्हाई. त्यांनी लाईन सोडली. खांबाखाली दुसरा मानूस असावा लागतो. आण्णाला तो कदी दिला न्हाई. दुसरा मानूस मीच हुते. मी कालेजला आसले की कुनीच नसायचं."

बस्स. नमस्कारही केला नाही. जाऊन आईशेजारी बसली.

माणसं मी पुष्कळ वेळा गप्प केली आहेत, पण ती शांतता वेगळी असते. तिच्यात खोकला असतो, बांगड्या वाजतात, कोणी नाक शिंकरतं. ही तशी नव्हती. नदीचा आवाज एकदम मोठा झाला. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी पुरुषांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "पोरीला उभी केली खांबाखाली."

मी शेठचं नाव घेतलं. घ्यावंच लागलं, क्रम लागला होता. ते उठले, माईक वर केला, घसा साफ केला.

"दत्ता आमचा..."

पुढं काही येईना. जे यायचं होतं ते पाठ होतं, मला तर त्यांच्याआधी पाठ होतं. पण त्यातलं एकही वाक्य त्या शांततेत ठेवायला जागा नव्हती. त्यांनी हात जोडले आणि ते मोटारीकडं चालू लागले. त्यानंतर ज्यांची ज्यांची नावं घेतली त्यांनी बसल्या जागी हात जोडले. इतक्या लवकर आटोपलेला दहावा मी दुसरा पाहिला नाही.

तात्या भांडीकुंडी आवरताना माझ्याजवळ आले. ओरडले नाहीत.

"सर, तुमी भोरला ऱ्हाता," एवढंच म्हणाले.

नंतर जे व्हायचं ते झालं. झाडलोटीचं काम आलं नाही. गाव बोलू लागलं तशी चौकशीला माणसं आली, काजलनं त्यांना तेच सांगितलं, आणि सबस्टेशनवर फोन घेणाऱ्या पोराला घरी बसवण्यात आलं. तोही ठेक्यावरचाच, विंझरकडचाच, काजलहून चार-पाच वर्षांनी मोठा. शेठचा ठेका चालू राहिला. काजलला हे कळलं तेव्हा ती वर्गाबाहेर मला गाठून म्हणाली, "त्याला का काढलं? त्यानं फोन तर केला हुता." मी म्हटलं, बघू. मी काय बघणार होतो, देव जाणे.

खरं बोललं की हलकं वाटतं, असं लोक म्हणतात. तिची आई म्हणाली, पोर आता जेवते, झोपते. मी एवढं मात्र पाहिलं, की ती पहिल्या बाकावरून मागं गेली. तास संपला की खिडकीशी उभी राहून मोबाईल वर धरून बघायची, रेंज आहे का. भोरमध्ये रेंज भरपूर आहे.

दिवाळीच्या तोंडावर चाचणी परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका माझ्या सहकाऱ्यानं काढली होती, मी ती वर्गात वाटतानाच पाहिली. निबंधाचा पहिला विषय, 'मी पाहिलेला अपघात'. गोळा करून परत घ्यावी असं मनात आलं, तोवर ती शेवटच्या बाकापर्यंत गेली होती. काजल लिहीत होती. मान वर न करता, झरझर.

तिचा पेपर मी गठ्ठ्यातून आधी काढला. हातात लाल पेन होतं, तरी उघडायला धीर होईना. या मुलीला आपणच खरं लिहायला शिकवलं, आता वाचा.

'आयुष्य म्हणजे काचेचे भांडे,' अशी सुरुवात. खाली दोन ओळी कविता. एका रम्य सकाळी लेखक शाळेत निघालेला असतो. भरधाव ट्रक येतो आणि सायकलस्वाराला उडवून जातो. बघ्यांची गर्दी जमते, कोणी मदतीला येत नाही. लेखक प्रसंगावधान राखून खिशातून मोबाईल काढतो आणि रुग्णवाहिकेला फोन करतो. काही क्षणांतच ती येते. डॉक्टर म्हणतात, थोडा जरी उशीर झाला असता तर. जखमी माणूस हात जोडतो. लेखकाच्या डोळ्यांत आनंदाश्रू. शेवटी पुन्हा दोन ओळी कविता. गाईडाच्या एका अक्षराचाही फरक नाही.

मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. रागावलो होतो, हे कबूल करायला हवं. चार महिने मी तिला जिथून बाहेर काढत होतो, तिथंच ती जाऊन बसली होती.

"हे काय लिहिलंस?"

"निबंध."

"तुला याहून चांगलं येतं. येतं की नाही?"

"येतं, सर."

"मग हे कशाला? गाईडातलं?"

तिनं पेपर स्वतःकडं वळवला. मग बोटानं मधली ओळ दाखवली, लहान मुलाला अक्षर दाखवावं तशी.

"ह्यातला फोन लागतो, सर."

ती गेल्यावर मी बाकीचे पेपर पुढं ओढले. जवळजवळ सगळ्यांनी पहिलाच विषय घेतला होता. सायकलस्वार तोच, ट्रक तोच. प्रत्येक पेपरात फोन पहिल्या झटक्यात लागत होता, रुग्णवाहिका वेळेवर येत होती, माणूस वाचत होता. मी तपासत गेलो.